हुश्श, अबब, अरेच्चा: सुटकेचे आणि आश्चर्याचे उद्गार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संवाद लिहिणारे, अनुवाद करणारे, नव्यानं मराठी शिकणारे आणि मुलांचा व्याकरणाचा अभ्यास घेणारे पालक या उद्गारांबद्दल तेच ते प्रश्न विचारत असतात. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

हे शब्द व्याकरणात कुठे बसतात?

शब्दांच्या आठ जातींपैकी शेवटच्या जातीत, म्हणजे केवलप्रयोगी अव्ययांत. लिंग-वचन-विभक्तीनं त्यांचं रूप बदलत नाही, म्हणून अव्यय. वाक्यातल्या कुणाशी नातं न जोडता ते एकटे येतात, म्हणून केवलप्रयोगी. 'अबब, केवढी ही गर्दी!' यातला 'अबब' काढून टाकला तरी वाक्य शाबूत राहतं, फक्त बोलणाऱ्याचे विस्फारलेले डोळे दिसेनासे होतात.

हा फटकून राहण्याचा स्वभाव जुना आहे. संस्कृतात दोन स्वर शेजारी आले की संधी व्हायची, पण 'अहो ईशाः' मध्ये ती होत नाही. 'अहो'सारख्या 'ओ'नं संपणाऱ्या निपाताला, म्हणजे छोट्या अव्ययाला, संधीतून मोकळं ठेवण्यासाठी पाणिनीनं 'ओत्' असं एवढंसं सूत्र खर्ची घातलं आहे. उद्गार शेजारच्या शब्दात मिसळत नाही, हे त्यालाही नोंदवावंसं वाटलं.

'हुश्श'चा नेमका अर्थ काय? कधी म्हणायचं?

अंगावरचा भार उतरला की. भार खरोखरचा असो किंवा कामाचा, 'हुश्श' हा मुळात दमलेल्या माणसाचा उद्गार आहे. दोघांनी मिळून कपाट तीन जिने चढवलं, वरच्या चौकात टेकवलं, एकानं कपाळावरचा घाम पुसला. आता त्याच्या तोंडून जे निघेल ते 'हुश्श'. ओठ किंचित गोल होतात, साठलेली हवा सुटते आणि मागे 'श' रेंगाळतो. शब्द कमी, श्वास जास्त.

रस्ता ओलांडताना भरधाव ट्रक अंगाला घासून गेला, तर मात्र कुणी 'हुश्श' म्हणत नाही. आधी 'बापरे!' निघतं, मग 'वाचलो!'. घरी येऊन पाणी पिऊन खुर्चीत बसल्यावर कदाचित 'हुश्श' येईल, पण तोवर धडधड थांबलेली असते. अनुवादात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. इंग्रजीतला 'फ्यू' दमल्यावरही चालतो आणि थोडक्यात बचावल्यावरही. 'हुश्श'चा ओढा पहिल्याकडे आहे.

आणखी एक. 'हुश्श' जे संपलं त्याला ओझं ठरवतो. पाहुणे जिना उतरत असताना दार लावता लावता यजमानांनी 'हुश्श' केलं आणि ते खाली ऐकू गेलं, तर वर्षभर अबोला. म्हटलेलं स्वतःशीच असतं, पण ऐकणारे कान गृहीत धरलेले असतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७८ साली अशा उद्गारांवर एक गाजलेला लेख लिहिला. कुणालाच उद्देशून नसलेले हे आवाज प्रत्यक्षात भोवतालच्यांसाठी काढलेले असतात, हा त्याचा गाभा. खोलीत कुणी नसतानाचा आणि कुणी असतानाचा आपला 'हुश्श' शेजारी ठेवून पाहा, लांबीत फरक पडतो.

'हुश्श झालं' हे बरोबर आहे का?

बरोबर आहे आणि रूढ आहे. 'परीक्षा संपली आणि हुश्श झालं.' इथे उद्गाराचा उद्गारपणा गेला, तो वर्णनाचा शब्द झाला. 'वाहवा'चं असंच झालं आहे: 'त्यांची फार वाहवा झाली' यात ते सरळ स्त्रीलिंगी नाम आहे. 'अबब झालं' किंवा 'अरेच्चा केलं' मात्र होत नाही.

संकट टळल्यावर मग काय म्हणायचं?

'वाचलो', 'बरं झालं', 'नशीब!', 'देव पावला', 'थोडक्यात निभावलं'. यातल्या 'नशीब'कडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. 'नशीब, दार उघडं होतं!' यात नुसत्या 'नशीब'नं अख्खं वाक्य पेललं आहे: उघडं नसतं तर काय झालं असतं, ते ऐकणाऱ्यानं मनात भरून घ्यायचं. पण त्याला 'माझं' जोडलंत की गाडी उलट दिशेला. 'नशीब माझं!' ही तक्रार आहे, सुटका नव्हे.

'जीव भांड्यात पडला' हा उद्गार नाही, वृत्तान्त आहे. फोन आला, सगळे सुखरूप असल्याचं कळलं, त्या क्षणी कुणी 'जीव भांड्यात पडला!' असं ओरडत नाही. नंतर दुसऱ्याला सांगताना म्हणतात. 'जिवात जीव आला'चंही तेच. संवादलेखकांनी हे पाळलं तर अर्धी कृत्रिमता जाईल.

'गंगेत घोडं न्हालं' आणखी वेगळं. रखडलेलं, कटकटीचं, कुणीतरी मुद्दाम लांबवलेलं काम संपलं की ते शोभतं, आणि त्यात टोमणा असतोच. कुणाची शस्त्रक्रिया नीट पार पडल्यावर हे म्हटलं तर लोक वळून बघतील. नकोशा माणसानं आपणहून काढता पाय घेतला की 'सुंठीवाचून खोकला गेला'. तो माणूस ऐकण्याच्या अंतरावर नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

'झालं एकदाचं', 'आला एकदाचा' यातलं 'एकदाचा' काय करतं?

माझ्या मते सुटका व्यक्त करणारा मराठीतला सर्वांत जोरकस शब्द हाच, आणि उद्गारांच्या कुठल्याही यादीत तो सापडत नाही. तो अव्ययही नाही, लिंग-वचनानं बदलतो. निकाल लागला एकदाचा. गाडी आली एकदाची. काम झालं एकदाचं. ते गेले एकदाचे. आधी केलेली सगळी वाट पाहणी त्या चार अक्षरांत असते.

रात्री साडेअकरा वाजता मुलगा घरी येतो. आईनं दोनदा गॅलरीत जाऊन पाहिलेलं असतं, फोन लागलेला नसतो. दार उघडताना ती म्हणते, 'आलास एकदाचा!' शब्द रागाचे, आवाज रागाचा, आणि तरीही हे वाक्य सुटकेचंच आहे. मुलाला तेवढं कळतं, म्हणून तो वाद न घालता हात धुवायला जातो.

हेच वाक्य पाहुण्याला म्हणून पाहा. 'आलात एकदाचे!' यात उरतो तो फक्त उशिराचा ठपका. जवळच्या माणसाला चालतं, परक्याला नाही.

व्याकरणाच्या पुस्तकात सुटकेचा प्रकार का नसतो?

शाळेत शिकवतात ते प्रकार आठवा: हर्ष, शोक, आश्चर्य, प्रशंसा, संमती, विरोध, तिरस्कार, संबोधन, मौन. सुटका नाही. 'हुश्श' बिचारा कुठे टाकायचा असा प्रश्न मुलं विचारतात, आणि शिक्षक बहुधा त्याला हर्षात ढकलतात.

पण हे एकट्या शाळेच्या पुस्तकाचं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आश्चर्याला मानाचं पान आहे, अद्भुत हा रस आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारी भावना. सुटकेला तिथे रस नाही आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांतही स्वतःचं नाव नाही. जवळात जवळचा म्हणजे धृती, पण ते समाधान झालं. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावनांतही आश्चर्य होतं आणि सुटका नव्हती. त्यांच्या १९९९ सालच्या वाढवलेल्या यादीत ती आली.

मराठीपुरतं बोलायचं तर कारण आणखी सरळ आहे, असं मला वाटतं. आपण सुटका अव्ययांनी व्यक्त करतच नाही, क्रियापदांनी करतो. सुटलो. वाचलो. झालं. संपलं. टळलं. गेली ब्याद. सगळी भूतकाळी रूपं, कारण सुटका व्हायला आधी काहीतरी घडून संपावं लागतं. आश्चर्याचं उलटं. तिथे बहुधा क्रियापद गळतं आणि प्रश्नाचे शब्द उरतात: केवढा! किती! तू, इथे? काय सांगतेस! व्याकरणकारांनी यादी केली ती अव्ययांची, त्यामुळे आश्चर्याला भरगच्च रकाना मिळाला आणि सुटका क्रियापदांच्या गर्दीत दिसलीच नाही.

'चला!' हासुद्धा सुटकेचा उद्गार आहे का?

हो. 'चला, एक काम मार्गी लागलं.' इथे कुणीच कुठे निघालेलं नसतं. एकटा माणूसही स्वतःला 'चला' म्हणतो, 'चल' म्हणत नाही. सौम्य सुटकेला हा उत्तम: 'हुश्श'मधला थकवा नाही, 'एकदाचं'मधली चीड नाही.

निःश्वास, सुस्कारा, उसासा यांत फरक काय?

निःश्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास. 'सुटकेचा निःश्वास टाकला' हे बातम्यांनी इतकं घासून गुळगुळीत केलं आहे की त्यात आता ना सुटका ऐकू येते ना श्वास. सुस्कारा दमलेल्याचा, खिन्न माणसाचा किंवा सुटलेल्याचा, तिन्ही चालतात. उसासा मात्र दुःखाचा किंवा हुरहुरीचा. 'सुटकेचा उसासा' वाचताना ठेच लागते.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर मोठा श्वास ही निव्वळ भावनेची गोष्ट नाही. माणूस साधारण दर पाच मिनिटांनी नकळत एक खोल श्वास घेतो. फुप्फुसातले मिटलेले वायुकोश त्यानं पुन्हा उघडतात. मेंदूच्या देठातल्या ज्या थोड्या पेशी हे घडवून आणतात त्यांचा शोध उंदरांवरच्या प्रयोगांतून लागला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. धास्तीत आपण श्वास अडकवून धरतो, धास्ती गेली की तो सोडतो. 'हुश्श' या सुटणाऱ्या हवेवर बसलेला आहे, तर आश्चर्यात हवा आत जाते: 'आ' वासतो, 'हं' असा आवाज आत ओढला जातो. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या भावदर्शनावरच्या ग्रंथात आश्चर्यानं उघडणाऱ्या तोंडाचा विचार केला आहे, आणि त्याची सांगड श्वासाशीच घातली आहे.

अबब, बापरे, अरेच्चा, अय्या हे सगळे आश्चर्याचेच ना? मग कुठलाही वापरला तर चालेल?

नाही चालणार, आणि 'आश्चर्यदर्शक' या एका शब्दाखाली त्यांना कोंबल्यानं हाच गैरसमज होतो.

'अबब' आकाराला आणि संख्येला. केवढा साप, किती पायऱ्या, एवढं बिल. मित्र अचानक दारात उभा राहिला तर 'अबब, तू?' म्हणता येत नाही. म्हटलंच, तर तो जाडा झाला आहे असा अर्थ निघेल. शिवाय आज बोलताना मोठी माणसं 'अबब' फारसं म्हणत नाहीत. तो उरला आहे मुलांच्या गोष्टींत आणि मथळ्यांत.

'बापरे'मध्ये भीतीची किंवा दडपणाची छटा लागते. 'बापरे, किती वाजले!' म्हणजे उशीर झाला आहे. निव्वळ आनंदाच्या आश्चर्याला तो बसत नाही. अर्थात नव्या पिढीनं हे कुंपण बरंच वाकवलं आहे, 'बापरे, काय सुंदर गायलीस!' हल्ली सर्रास ऐकू येतं.

'अरेच्चा' अंदाज चुकल्याचा. चष्मा घरभर शोधला आणि डोक्यावर सापडला: अरेच्चा! गोष्ट लहान असावी लागते. मोठ्या आघाताला किंवा भूकंपाला 'अरेच्चा' म्हणणारा माणूस विनोदी वाटेल.

'अय्या' सुखद आणि लाडिक, 'अगंबाई' एकदम काहीतरी आठवल्याचा, बऱ्याचदा थोड्या ओशाळेपणाचा: 'अगंबाई, गॅस चालूच राहिला!' 'ओहो' ओळख पटल्याचा: 'ओहो, तुम्ही होय!' 'अहाहा' शाळेच्या यादीत आश्चर्याखालीही दिसतो, पण बोलण्यात तो चव घेण्याचा आहे. याद्यांचं सांगायचं तर 'इश्श' त्या तिरस्कारात घालतात! 'इश्श' लाजण्याचा उद्गार आहे, हे यादी करणाऱ्यांच्या घरात कुणी सांगितलं नसावं.

'हात्तिच्या' कुठल्या रकान्यात?

दोन्ही. म्हणून तो मला फार आवडतो. रात्री स्वयंपाकघरात खडखड होते, छातीत धस्स होतं, दबक्या पावलानं जाऊन दिवा लावला तर मांजर. 'हात्तिच्या!' आश्चर्य आहे, सुटका आहे आणि उगाच घाबरल्याची किंचित लाजही आहे. कोडं सुटल्यावरही तोच: 'हात्तिच्या, एवढंच होतं होय?' फुग्यातली हवा जाते तसं काहीतरी. दुसऱ्या कुठल्याही उद्गारानं ही जागा भरून निघत नाही.

लहान दुखण्याला 'आई गं' आणि मोठ्या संकटाला 'बाप रे', हे खरं आहे का?

ठेच लागली तर आई आठवते आणि साप दिसला तर बाप, हा दाखला भाषणांतून इतक्यांदा दिला जातो की तो नियमच वाटू लागला आहे. अर्धा खरा आहे. 'आई गं' वेदनेचा आहे हे खरं, पण वेदना लहानच असावी अशी अट नाही. हाड मोडलं तरी 'आई गं'च निघतं. दुसऱ्याची जखम पाहूनही तोच निघतो, आणि एखाद्या तान्ह्या बाळाकडे पाहून लांबवलेला 'आई गंऽ' हा कौतुकाचा असतो. 'बापरे' अनपेक्षिताचा आहे. म्हणजे वाटणी लहान-मोठ्याची नाही, दुखणं आणि दचकणं यांची आहे.

बाईला उद्देशून 'अरे!' म्हटलं तर चुकतं का?

संबोधन असेल तर चुकतं, आश्चर्य असेल तर नाही. 'अरे, इकडे ये' हे मुलालाच. 'अगं, इकडे ये' मुलीला. 'अहो, इकडे या' मोठ्यांना. पण आश्चर्यात 'अरे' हवेला उद्देशून असतो. 'अरे! काकू, तुम्ही कधी आलात?' यात काकूंचा काहीही अनादर नाही, कारण 'अरे' त्यांच्यासाठी नाहीच. त्यानंतर क्षणभर थांबणं मात्र आवश्यक आहे. न थांबता 'अरे काकू' म्हणालात तर तो काकूंना चिकटतो.

म्हणूनच 'अरे वा', 'अरेच्चा', 'अरे देवा' यांची स्त्रीलिंगी रूपं बनलेली नाहीत. 'अगच्चा' कुणी म्हणत नाही. 'अरे देवा'बद्दल एक सूचना: तो धक्क्याचा किंवा वैतागाचा आहे, सुटकेचा नाही. सुटकेला देव येतो तो 'पावला' या क्रियापदासह.

'अय्या', 'अगंबाई' फक्त बायकांनीच म्हणायचे का?

रूढी तशी आहे. पुरुषानं म्हटलं तर नक्कल किंवा थट्टा समजली जाते. सुटकेतही हा भेद शेपटीला दिसतो: पुरुष म्हणणार 'सुटलो बुवा', बाई म्हणणार 'सुटले बाई'. 'सुटलो बाबा' दोघांच्याही तोंडी बसतं, बाईच्या तोंडी अर्थात 'सुटले बाबा'. हा 'बुवा' किंवा 'बाई' समोर कुणी नसतानाही लागतो, त्यामुळे त्याला संबोधन म्हणणं कठीण आहे. तो बोलणाऱ्याचीच ओळख सांगतो.

'आयला', 'च्यायला' या शिव्या आहेत का?

मूळ शिव्यांचेच ते तुटलेले तुकडे आहेत, पुढचा भाग गिळलेला. 'हात्तिच्या'चीही फोड 'हात् तिच्या' अशी केली की तिथेही काहीतरी अर्ध्यावर थांबलेलं दिसतं, फक्त तो आता इतका धुऊन निघाला आहे की आजीही म्हणते. 'च्यायला' अजून तितका धुतला गेलेला नाही. मित्रांत चालतो, सासऱ्यांसमोर नाही. लिखाणात पात्राच्या तोंडी खुशाल घाला. निवेदकाच्या तोंडी घातला की सगळा सूरच बदलतो.

आश्चर्याचा उद्गार खरंच नकळत निघतो का?

आपल्याला तसं वाटतं. २००६ साली सू विल्किन्सन आणि सीलिया किट्झिंगर यांनी खऱ्याखुऱ्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं बारकाईनं तपासून दाखवलं की आश्चर्य हे संभाषणात दोघं मिळून घडवतात. सांगणारा आधीच जमीन तयार करतो, 'तुला खोटं वाटेल' म्हणतो, आकड्यावर जोर देतो, आणि ऐकणारा नेमक्या जागी उद्गार टाकतो. तिथे शिंकेसारखं काही नसतं.

मराठीत हे कानावर रोज पडतं. 'ऐक तर, कोण भेटलं असेल?' असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, 'काय सांगतेस!' हवं असतं. त्या जागी सपाट आवाजात 'हो का?' म्हणून पाहा, बोलणाऱ्याचा चेहरा पडतो. 'हो का' लिहिलेलं आश्चर्याचं दिसतं, पण खालच्या सुरात ते 'मला काय त्याचं' असंच ऐकू येतं. 'असं होय' थोडं बरं, त्यात निदान कळल्याची नोंद आहे. 'अहो आश्चर्यम्!' तर आता केवळ टोमण्यापुरता उरला आहे: आळशी भावानं ताट उचललं की.

असे उद्गार जगभर सारखेच असतात का?

काही अंशी. नीट ऐकू आलं नाही की आपण 'अं?' किंवा 'ऑ?' म्हणतो. मार्क डिंगेमान्स, फ्रान्सिस्को टोरेरा आणि निक एनफिल्ड यांनी २०१३ साली ३१ भाषांची तुलना करून दाखवलं की या कामासाठीचा शब्द बहुतेक सगळीकडे तसाच आखूड, एका स्वराचा आणि प्रश्नार्थक सुराचा असतो. त्या संशोधनाला २०१५ साली इग नोबेल मिळालं. हसवणारं पारितोषिक, पण काम गंभीर. आपला 'अं?' त्याच बांध्याचा आहे. आश्चर्यात तोच ताणला की 'ऑऽ?' होतो: ऐकू आलं आहे, पण विश्वास बसत नाही.

सुटकेचं मात्र तसं नाही. डिझा साउटर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली इंग्रजी भाषकांचे शब्दाविना काढलेले आवाज नामिबियातल्या हिंबा लोकांना ऐकवले आणि त्यांचे इंग्रजी भाषकांना. राग, भीती, आश्चर्य हे दोन्हीकडे ओळखता आले. सुटकेचा आवाज मात्र असा दोन्हीकडे ओळखता आला नाही. तेव्हा परभाषिक मित्राला तुमचा 'हुश्श' वैतागाचा वाटला तर त्याला दोष देऊ नका.

महाराष्ट्रात सगळीकडे हेच उद्गार आहेत का?

नाहीत, आणि बोलींत ते प्रमाण भाषेपेक्षा कितीतरी चवदार आहेत. कोल्हापूरकडचा 'अगागागा' जितका लांबेल तितकी गोष्ट मोठी. कोकणात 'अगो बाई', वऱ्हाड-खानदेशात 'माय वं'. कथेत पात्र ज्या गावचं, उद्गारही त्याच गावचा हवा. सगळं बोलणं वऱ्हाडी आणि दचकल्यावर 'अय्या', असं झालं की वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

लिहिताना उद्गारचिन्ह कुठे द्यायचं?

दोन्ही पद्धती मान्य आहेत. उद्गारानंतर लगेच: 'अबब! केवढा हा साप.' किंवा उद्गारानंतर स्वल्पविराम आणि चिन्ह शेवटी: 'अबब, केवढा हा साप!' दोन्हीकडे चिन्ह दिलं तर वाक्य ओरडतं. तीन-तीन चिन्हं संदेशांत ठीक, छापील मजकुरात नको. मराठीत मुळात ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणानं आली. ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधीही लोक दचकत होतेच, ते शब्दांवरून कळायचं.

स्वर लांबवायचा तर अवग्रह (ऽ हे चिन्ह) आहेच: 'अगाऽऽ', 'आई गंऽ'. 'बापरेएएए'पेक्षा तो नीटस दिसतो. 'बापरे' आणि 'अगंबाई' जोडून, 'आई गं' आणि 'अरे वा' तोडून लिहिणं जास्त रूढ आहे. 'हुश्श'मधला शेवटचा 'श' पाय मोडून लिहिणारेही आहेत. कुठलंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

'वॉव', 'ओ माय गॉड', 'थँक गॉड' वापरले तर बिघडतं का?

बोलण्यात ते केव्हाच स्थिरावले आहेत. 'थँक गॉड' रुजलं त्याला कारणही आहे: 'देवाची कृपा' रोजच्या हरवलेल्या किल्लीसाठी फार जड पडतं. 'वॉव'नं 'अरे वा' आणि 'अहाहा' या दोघांची जागा खाल्ली, आणि कौतुक व आस्वाद यांतला फरक त्यात हरवला. माझी तक्रार एवढीच. 'बापरे'ला मात्र अजून कुणी हलवू शकलेलं नाही.

मी मराठी नव्यानं शिकतो आहे. सुरुवात कुठून करू?

'अरे वा', 'बापरे', 'बरं झालं' आणि 'चला' या चारांवर पहिले काही महिने आरामात निघतील. ते कुणालाही, कुठेही चालतात. त्यानंतर 'अरेच्चा' घ्या. 'झालं एकदाचं' लिंग-वचन सांभाळून जमायला लागलं की लोक तुम्हाला विचारतील, मराठी कुठे शिकलात म्हणून. 'अय्या', 'इश्श' आणि 'च्यायला' ऐकून समजले की पुरे, वापरायची घाई नको. आणि 'हुश्श' म्हणण्याआधी मागे वळून बघा, पाहुणे जिन्यातच तर नाहीत ना.